आगळ की सरबताचा पाक? एकाच भिरंडाच्या दोन बाटल्या

मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावला पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, फेस्तात फिरलं, की सुकी मासळी, सोलं (कोकमाच्या वाळवलेल्या साली) आणि चिंचेच्या गोळ्यांशेजारी गडद लाल बाटल्यांची रांग दिसते. बाटल्या बहुतेक जुन्याच, धुऊन भरलेल्या, वर चिठ्ठी नाही. काहींत आगळ असतं, काहींत कोकम सरबताचा पाक. विकणारी बाई सांगते ते बाजारात लक्षात राहतं, पण घरी दोन्ही बाटल्या एकाच कपाटात गेल्या की आठवड्याभरात कोणती कुठली हे कुणालाच सांगता येत नाही. मग पाहुण्याला दिलेल्या सरबताचा घोट खारट लागतो, नाहीतर नारळाचा रस काढून सगळी तयारी झाल्यावर सोलकढी गोड होते.

फळ एकच, कोकमाचं. गोव्यात त्याला भिरंड म्हणतात, रत्नागिरीकडे रातांबा. मिठात टिकवलं की आगळ, साखरेत टिकवलं की पाक. चव, भांडं, वापर आणि बिघडण्याची तऱ्हा हे सगळं या एका फरकातून येतं.

बाटली उघडण्याआधी ती आडवी करून पाहा. पाक काचेला चिकटून सावकाश ओघळतो आणि मागे जाड लाल थर ठेवतो. आगळ पाण्यासारखं पळतं. हातातल्या वजनावरूनही कळतं: लिटरभर दाट पाक साधारण 1.3 किलो भरतो, तेवढंच आगळ 1.1 किलोच्या आसपास. तरी शंका असेल तर थेंबभर दोन बोटांत चोळा, चिकट लागला तर पाक. दुकानातली सीलबंद बाटली असेल तर पुढच्या बाजूचं नाव सोडून मागची घटकांची यादी वाचा. ‘कोकम ज्यूस’ या नावाखाली दोन्ही विकलं जातं. मीठ लिहिलंय की साखर, एवढंच बघायचं.

घरी करायचं असेल तर दोन्ही एकाच टोपलीतून निघतात, आणि तसंच करावं. पिकून गडद जांभळट-लाल झालेली भिरंडं धुऊन कोरडी पुसा. पाण्याचा थेंब राहिला तर पुढे पाकच बिघडतो. फळ आडवं कापून बिया गरासकट एका भांड्यात काढा, साली वेगळ्या ठेवा. दोन किलो फळांतून किलोभराच्या आसपास साली मिळतात.

पाक फक्त सालींचा. किलोभर सालींना दोन किलो साखर. हे प्रमाण ऐकून बहुतेकजण दचकतात आणि दीड किलोवर थांबतात. तिथेच पाक आंबायची सोय होते. सालीच्या प्रत्येक वाटीत साखर भरून बरणीत थरावर थर लावायचे, सगळ्यांत वर पुन्हा साखरच. दुसऱ्या दिवसापासून सालीला पाणी सुटू लागतं. रोज कोरड्या लाकडी चमच्याने तळापासून हलवा, कारण न विरघळलेली साखर तळाशी बसते, वरचा रस पातळ राहतो आणि बुरशी धरते ती तिथेच. सात-आठ दिवसांत साखर विरघळली की फडक्यातून गाळा. उकळायची गरज नाही. उकळल्याने रंग तपकिरी होतो आणि भिरंडाचा ताजा वास जातो. उरलेल्या गोड साली मुलं तशाच खातात.

आगळ गराचं. बियांसकट काढलेला गर आणि खाली जमलेला रस, दोन्हीच्या एकत्र वजनावर किलोला 150 ते 200 ग्रॅम जाडं मीठ. मीठ वाटीने मोजू नका, तराजूवर घ्या. मिठागरातल्या जाड्या मिठाचे खडे मोठे आणि दमट, त्यामुळे वाटीत बारीक मिठापेक्षा कमी बसतं. बारीक मिठाचं माप जाड्याला लावलं की आगळ कमी खारट होतं आणि पावसात त्यावर पांढरा तवंग येतो. नुसत्या गराच्या आगळाला रंग फिका असतो, कारण रंग सालीत आहे. म्हणून मूठभर साली चिरून त्यातच टाकाव्यात. आठ-दहा दिवस रोज हलवून, बिया हाताने कुस्करून गाळायचं. बिया फेकायच्या नाहीत. धुऊन, उन्हात वाळवून त्यांचं भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, निघतं; पावसात भेगाळलेल्या टाचांना त्याच्यासारखं दुसरं औषध नाही.

हे सगळं पहिल्या पावसाआधी उरकावं लागतं. भिजलेलं फळ चिरतं, पाणचट होतं, आणि साली वाळवून सोलं करायची असतील तर उनच उरत नाही.

आता वापर. सोलकढीला आगळच. एका मध्यम नारळाचा दाट आणि पातळ रस मिळून तीन वाट्या झाला, तर त्यात पोह्याचे तीन मोठे चमचे आगळ, लसणाच्या दोन पाकळ्या आणि अर्धी हिरवी मिरची ठेचून, वर कोथिंबीर. मीठ घालू नका. तीन चमचे आगळातच सहा-सात ग्रॅम मीठ असतं आणि तेवढ्या रसाला ते पुरतं. सोलं भिजवून कढी करणारे हात सवयीने मीठ टाकतात आणि आगळाची कढी नेमकी तिथे बिघडते. दुसरी चूक म्हणजे गरम रसात आगळ ओतणं किंवा तयार कढी चुलीवर ठेवणं. आंबटाने गरम रस फाटतो, कण वेगळे होतात, पाणी वेगळं. रस निवल्यावरच आगळ घाला, थोडं थोडं, ढवळत.

नारळाशिवायची ती फुटी कढी. तीन वाट्या पाण्याला दोन चमचे आगळ, वरून खोबरेल तेलात मोहरी, हिंग आणि मिरचीची फोडणी. इथेही मीठ चाखूनच.

बांगड्याच्या हुमणात, म्हणजे नारळाच्या रश्शात, मात्र दोन्ही बाटल्या बाजूला ठेवा. तिथे सोलंच, तिरफळांसोबत. सोलं हळूहळू आंबट सोडतात आणि पुरेसं झालं की काढून टाकता येतात. आगळ एकदा ओतलं की आंबट आणि खारट दोन्ही रश्शात जातं, काढता येत नाही.

पाक सरबतासाठी: एक भाग पाक, पाच ते सहा भाग थंड पाणी, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर मीठ. घरात कुणाला मधुमेह असेल तर हिशेब लक्षात ठेवा. 30 मिलीलिटर पाकात सुमारे 25 ग्रॅम साखर जाते. रक्तदाब असलेल्यांचा हिशेब उलटा: आगळाच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून जास्त मीठ आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. ‘कोकम पित्ताला बरं’ म्हणून दोन्ही बाटल्या सारख्याच ओतल्या जातात, ते या दोघांच्या बाबतीत धोक्याचं आहे.

अदलाबदल झालीच तर एक बाजू सावरता येते. सरबताच्या ग्लासात पाकाऐवजी आगळ गेलं, तर ते आणखी पाण्यात पातळ करा आणि दोन-तीन चमचे साखर घाला. दर ग्लासाला चहाचा एक चमचा आगळ एवढं प्रमाण आलं की खारट-गोड सरबत चांगलं लागतं. नारळाच्या रसात पाक गेला असेल तर काही करता येत नाही. मीठ-मिरची वाढवून तो गोडवा झाकत नाही.

दोघांचं बिघडणंही वेगळं. पाकात बुडबुडे दिसले, झाकण उघडताना फस्स झालं, दारूसारखा वास आला, तर तो आंबला: साखर कमी पडली किंवा पाणी शिरलं. टाकून द्या. तळाशी नुसते साखरेचे खडे जमले असतील तर काळजी नाही. बाटली कोमट पाण्यात उभी ठेवली की विरघळतात. आगळावर बुरशी दिसली तर वरवर काढून वापरू नका. दोन्ही काचेत किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवावं आणि झाकण प्लास्टिकचं असावं, कारण आगळाचं मीठ आणि आंबट मिळून पत्र्याचं झाकण महिन्या-दोन महिन्यांत गंजवतात. पाकाला मुंग्या येतात, म्हणून उघडल्यावर तो फ्रिजच्या दारात; आगळ कपाटात, अंधारात, मीठ-हिंगाच्या खणात. भरतानाच बाटलीला पट्टी लावून ‘मीठ’ किंवा ‘साखर’ आणि साल लिहा. ‘कोकम’ लिहिलेली पट्टी निरुपयोगी, कारण कोकम दोन्हीत आहे.

पुरुमेंत भरण्याआधी कपाट आवरताना मागच्या वर्षीच्या बाटल्या सापडतातच. उरलेला, काळवंडलेला पाक ठेवून उपयोग नाही. भांड्यांना लावला तर चिकटतो आणि मुंग्या बोलावतो. तपकिरी पडलेलं जुनं आगळ मात्र गणपतीच्या चवथीपर्यंत जपून ठेवा. तांब्याचा कलश आणि पितळेची समई त्याने घासली की काळपट थर निघून धातू लखलखतो, कारण मीठ आणि आंबट मिळून तो थर विरघळवतात. याच कारणाने आगळ तांब्या-पितळेच्या भांड्यात कधी भरायचं नाही. घासल्यावर पाच मिनिटांच्या आत भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं पुसा, नाहीतर कोपऱ्यांत हिरवट डाग धरतो.