दुसरा गाल: सूड न घेण्याच्या ख्रिस्ती शिकवणीची पार्श्वभूमी

एका गालावर कुणी मारली तर दुसरा गाल पुढे करावा, हे वाक्य मराठीत इतके रुळले आहे की ते कुणाचे, हे सहसा कुणी विचारत नाही. पुष्कळांना ते गांधीजींचे वाटते, आणि बहुतेक वेळा ते नेभळटपणाला मारलेला टोमणा म्हणूनच कानावर येते. मुळात ते येशू ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनातले, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातले आहे. त्याच्या मागचा-पुढचा इतिहास पाहिला तर एक जुना वाद सारखा समोर येतो. दुखावलेल्या माणसाच्या हातून सूड काढून घेतला, तर तो सोपवायचा कुणाकडे? आणि ‘क्षमा कर’ असे दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार कुणाला?

बायबलच्या अगदी सुरुवातीला, उत्पत्तीच्या पुस्तकात, लामेख नावाचा माणूस आपल्या दोन बायकांपुढे बढाई मारतो. मला एका तरुणाने जखमी केले, म्हणून मी त्याला ठार केले. भावाचा खून करणाऱ्या काइनासाठी सूड सातपट, तर लामेखासाठी सत्याहत्तरपट. टोळ्यांच्या जगात न्याय असाच चाले. खून झाला की मेलेल्याच्या भाऊबंदांवर बदल्याची जबाबदारी येई आणि वैर पिढ्यान्‌पिढ्या पुरे. ‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात’ हा यहुद्यांच्या, म्हणजे मोशेच्या, नियमशास्त्रातला दंडक आज क्रूर वाटतो, पण त्या जगात तो लगाम होता. एका डोळ्याबद्दल एकच डोळा, त्यापुढे जायचे नाही. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या संहितेत (इ.स.पू. सुमारे १७५०) हाच नियम आहे, मात्र तो बरोबरीच्या माणसांपुरता. खालच्या दर्जाच्या माणसाचा डोळा फोडला तर एक मीना (वजनाचे जुने माप) चांदी भरून सुटता येई. मोशेच्या नियमशास्त्रात धन्याने दासाचा डोळा फोडला तर त्या दासाला मोकळे सोडावे लागे. शिवाय हातून चुकून खून झालेल्या माणसाला पळून जाता यावे म्हणून सहा आश्रयनगरे नेमली होती.

याच परंपरेत, बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात, सूड घेऊ नकोस, मनात दावा धरू नकोस, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, असे लिहिले आहे. नीतिसूत्रांत तर शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, तहानेला असेल तर पाणी पाज, असे सांगितले आहे. यहुदी धर्म सुडाचा आणि ख्रिस्ती धर्म प्रेमाचा, असे चर्चच्या व्यासपीठांवरून शतकानुशतके सांगितले गेले. ते अन्यायाचे आहे, आणि त्याची फार मोठी किंमत युरोपातल्या यहुद्यांनी मोजली. येशू बोलला ते आपल्याच शास्त्राचा धागा ताणून.

तो बोलला ते कुठे, हेही पाहायला हवे. इ.स.पू. ४ मध्ये हेरोद राजा मेला तेव्हा गालीलात बंड झाले. सीरियाचा रोमन सुभेदार वारुस याच्या फौजेने सेफोरिस शहर जाळले, तिथल्या लोकांना गुलाम म्हणून विकले. पुढे यरुशलेमेच्या बाजूला सुमारे २,००० माणसांना वधस्तंभावर खिळले, असे इतिहासकार योसेफस सांगतो. सेफोरिस येशूच्या नासरेथ गावापासून तास-दीड तासाच्या पायवाटेवर. ज्या लोकांपुढे येशू बोलत होता, त्यांच्या घराघरांत ही आठवण ताजी असणार.

त्याने दिलेली उदाहरणे या लोकांच्या रोजच्या जगण्यातली आहेत. मत्तय मुद्दाम ‘उजव्या’ गालाचा उल्लेख करतो. समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचे तर हाताची मागची बाजू वापरावी लागते. धन्याने दासाला, वरच्याने खालच्याला हिणवून मारावे तसा हा प्रकार. दुसरा गाल पुढे केला की तसे मारता येत नाही, म्हणून यात मूक प्रतिकार आहे, असे काही अभ्यासक मानतात. मला हा अर्थ पटतो, पण तो सर्वमान्य नाही. दुसरे उदाहरण अंगरख्याचे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्ताआधी परत करावे, असा जुना नियम होता. सावकार कोर्टात अंगरखा मागत असेल तर त्याला वरचे वस्त्रही देऊन टाक, असे येशू म्हणतो. तिसरे उदाहरण वेठीचे. रोमन शिपाई वाटेतल्या कुणालाही ओझे उचलायला लावू शकत असे. शिमोन कुरेनेकराला येशूचा वधस्तंभ वाहायला लावला गेला तो याच वेठीने. एक मैल नेलेस तर आणखी एक मैल जा, असे येशू सांगतो. ज्याला काही पर्यायच ठेवलेला नाही, त्याच्या हाती पुढचे पाऊल या उत्तराने येते.

पुढे पेत्र या शिष्याने विचारले, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? आलेले उत्तर साताच्या सत्तर वेळा किंवा सत्याहत्तर वेळा असे वाचता येते. लामेखाची बढाई इथे उलटी फिरवली आहे.

पण खुद्द येशूला चापट बसली तेव्हा काय झाले? योहानाच्या १८व्या अध्यायात महायाजकापुढे चौकशी चालू असताना एक शिपाई त्याच्या तोंडात मारतो. येशू दुसरा गाल पुढे करत नाही. तो म्हणतो, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर. बरे बोललो असेन तर मला का मारतोस? तो मार परतवत नाही, पण जाब विचारतो. ही शिकवण समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

येशूनंतर त्याच्या शिकवणीचा प्रसार करणाऱ्या पौलाने रोमच्या मंडळीला लिहिले की स्वतः सूड घेऊ नका, तो देवाच्या क्रोधासाठी सोडा. लगेच पुढच्या अध्यायात त्याने राज्यकर्ता तलवार उगीच धारण करत नाही, असेही म्हटले. या दोन परिच्छेदांमधल्या फटीत ख्रिस्ती विचारवंत आजवर भांडत आले आहेत. पौलाने स्वतः मात्र, फटके मारायला बांधले तेव्हा, आपले रोमन नागरिकत्व पुढे केले. पेत्राच्या पहिल्या पत्राचा सूर वेगळा आहे. तिथे दासांना सांगितले आहे की धनी कठोर असला तरी त्याच्या अधीन राहा, कारण ख्रिस्ताची निंदा झाली तेव्हा त्याने उलट निंदा केली नाही. छळ सोसणाऱ्या लहानशा मंडळीला हा धीर होता. पुढे धन्यांच्या हाती गेल्यावर अशा ओळींचे काय झाले, ते खाली येईल.

पहिली ३०० वर्षे ख्रिस्ती लोकांच्या हाती सत्ता नव्हती. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याने, येशूच्या अटकेच्या वेळी पेत्राच्या हातातली तलवार खाली ठेवायला सांगून प्रभूने प्रत्येक शिपायाचा कमरपट्टा सोडवला, असे लिहिले. ३१३ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात छळ थांबला आणि प्रश्नच बदलला. आता मारणारा हात ख्रिस्ती न्यायाधीशाचा असू शकत होता.

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याच्यापुढे हा प्रश्न रक्तामांसाचा होऊन आला. दोनातुसपंथी (कॅथलिकांपासून फुटलेला तिथला ख्रिस्ती पंथ) आणि कॅथलिक यांच्या वैरात रेस्तितुतुस नावाच्या कॅथलिक धर्मगुरूचा खून झाला, इनोसेंतियुस नावाच्या दुसऱ्याचा डोळा काढला आणि बोट तोडले. आरोपींनी कबुली दिली. डोळ्याबद्दल डोळा अक्षरशः लागू करता येईल असा खटला. ऑगस्टिनाने सुमारे ४१२ साली शाही अधिकारी मार्केलिनुस याला पत्र लिहून विनवले की देवाच्या सेवकांच्या यातनांची फेड तशाच यातनांनी होऊ देऊ नकोस. त्यांना मोकळे सोडा, असे तो म्हणत नाही. आणखी गुन्हे करता येऊ नयेत असा बंदोबस्त करा, त्यांना उपयोगी कामाला लावा, पण जीव घेऊ नका, अवयव तोडू नका. याच मार्केलिनुसाला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने दुसऱ्या गालाची आज्ञा मनाच्या तयारीची आहे असा अर्थ लावला, आणि दाखला दिला तो योहानाच्या १८व्या अध्यायाचाच. पण याच ऑगस्टिनाने दोनातुसपंथीयांना बळाने चर्चमध्ये आणण्याचेही समर्थन केले. मनात प्रेम असले की हात कठोर चालतो, ही वाट त्याने उघडली आणि पुढच्या हजार वर्षांत तिच्यावरून फौजा गेल्या. १०९५ साली पहिल्या धर्मयुद्धाची हाक पोपनेच दिली.

मूळ आज्ञा शब्दशः धरून बसलेले लोक कडेला राहिले. सोळाव्या शतकातले अ‍ॅनाबॅप्टिस्ट, म्हणजे प्रौढपणीच बाप्तिस्मा घ्यावा असे मानणारे ख्रिस्ती, त्यांतले. नेदरलंड्समधल्या आस्पेरन गावचा डिर्क विलेम्स १५६९ साली चिंध्यांचा दोर करून कैदेतून निसटला. वाटेत गोठलेले पाणी लागले. तुरुंगातल्या खाण्यावर सुकलेला डिर्क बर्फावरून पार झाला. मागे लागलेला माणूस बर्फ फुटून पाण्यात पडला. डिर्क परत फिरला आणि त्याला बाहेर काढले. वाचलेल्या माणसाच्या मनात त्याला सोडून द्यायचे होते, पण काठावरून नगराध्यक्षाने त्याला त्याच्या शपथेची आठवण करून दिली. १६ मे रोजी डिर्कला जाळले. जोराच्या वाऱ्याने ज्वाळा एका बाजूला जात होत्या, त्यामुळे मरायला वेळ लागला. जाळणारेही ख्रिस्तीच होते.

यानंतर १४ वर्षांनी आपल्याकडे गोव्यात कुंकळ्ळीचे प्रकरण घडले. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत पोर्तुगीजांनी देवळे पाडली होती, कुंकळ्ळीकरांनी त्याला कडवा विरोध केला होता. २५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना (एका कॅथलिक धर्मसंघाच्या सदस्यांना) आणि त्यांच्याबरोबरच्या काही ख्रिस्तींना गावकऱ्यांनी ठार केले. मेलेल्यांत अकबराच्या दरबारात राहून आलेला रुदोल्फ आक्वाविवा होता. ख्रिस्ती वृत्तांत सांगतात की बरोबरच्या एका पोर्तुगीजाने बंदूक रोखली, तेव्हा पाशेको या धर्मगुरूने आपण लढायला आलेलो नाही म्हणून त्याला थांबवले. धर्मगुरूंनी हात उचलला नाही. सूड घेतला तो सरकारने. कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. चर्चने त्या पाचांना १८९३ साली धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. असोळण्याच्या दग्याची आठवण कुंकळ्ळीने स्वतः जपली. या सासष्टीतच फादर थॉमस स्टीफन्स यांनी आयुष्य घालवले आणि १६१६ साली मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापून घेतले. वधस्तंभावरून मारेकऱ्यांना क्षमा करणाऱ्या येशूची कथा आणि असोळणे, दोन्ही एकाच मातीतली आहेत. दोन्हींचा विचार एकत्र केल्याशिवाय गोव्यातला ख्रिस्ती इतिहास नीट कळत नाही.

गांधीजींपर्यंत ही शिकवण आली ती लंडनमध्ये वाचलेल्या बायबलमधून आणि नंतर टॉलस्टॉयच्या लिखाणातून. १० फेब्रुवारी १९०८ रोजी जोहान्सबर्गमध्ये मीर आलम नावाच्या पठाणाने आणि त्याच्या साथीदारांनी त्यांना बेदम मारले. जोसेफ डोक हे बॅप्टिस्ट पाळक त्यांना आपल्या घरी घेऊन गेले. हल्लेखोरांवर खटला भरू नये, अशी तार गांधीजींनी सरकारला पाठवली. गोऱ्यांनी हरकत घेतली, भर रस्त्यात झालेला हल्ला हा खाजगी मामला नाही. खटला झाला आणि शिक्षाही झाली. पीडिताची क्षमा आणि समाजाचा न्याय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा मुद्दा तिथे न ठरवताच ठरला.

अमेरिकेत, क्षमा सांगायची कुणी, या प्रश्नाचे टोक अधिक धारदार होते. हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मचिंतक सांगत की त्यांची आजी गुलामगिरीत वाढलेली. ती नातवाकडून बायबल वाचून घेई, पण पौलाची पत्रे वाचू देत नसे. मळ्यावर धन्याचा गोरा पाळक यायचा आणि ‘दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा’ यावरच प्रवचन द्यायचा. दासांना दिलेला धीर धन्याच्या तोंडी गेला की तो बेडी होतो, हे तिला कुठल्याही पंडिताआधी कळले होते. थर्मन १९३६ साली बार्डोलीला गांधीजींना भेटले आणि त्यांचे लिखाण पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापर्यंत पोहोचले. ३० जानेवारी १९५६ रोजी मॉन्टगोमेरीत किंग यांच्या घरावर बाँब पडला. शस्त्रे घेऊन जमलेल्या लोकांना त्यांनी ती घरी ठेवायला, शत्रूवर प्रेम करायला सांगितले. वर्णभेदाविरुद्ध चाललेला बसवरचा बहिष्कार मात्र तसाच चालू राहिला, एकूण ३८१ दिवस.

भारतातली दोन अलीकडची उदाहरणे इथे सांगायलाच हवीत. केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशातल्या उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींना सावकारीतून सोडवण्याचे काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून जात असताना समंदर सिंह याने त्यांना भोसकून मारले. २००२ साली त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने समंदर सिंहला राखी बांधली. त्याची २००६ साली सुटका झाली. दुसरे ओडिशातल्या मनोहरपूरचे. तिथे जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले, फिलिप आणि टिमोथी, यांना गाडीत जाळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले, आणि क्षमा व गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, हेही तितकेच स्पष्ट सांगितले. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कायम केली.

या दोघींना ‘क्षमा करा’ म्हणून कुणी बजावले नव्हते. जिथे बजावले जाते, तिथे ही शिकवण नासते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या किती बायकांना पाळकाने, सासूने, कधी आईनेही हीच वचने ऐकवून परत पाठवले असेल. मारणाऱ्याला ‘मला का मारतोस’ असे विचारणारा येशू त्यांच्यापर्यंत पोहोचूच दिला जात नाही. कॅथलिक चर्चने याबाबत अलीकडे स्पष्ट भाषा वापरली आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात, हिंसेपासून जोडीदाराला किंवा मुलांना वाचवण्यासाठी वेगळे होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरते, असे म्हटले आहे. त्यांचेच २०२० सालचे ‘फ्रातेल्ली तुत्ती’ हे पत्र आणखी पुढे जाते. जुलूम करणाऱ्यावर प्रेम करणे म्हणजे त्याला जुलूम करत राहू देणे नव्हे, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने आपल्या व आपल्या कुटुंबाच्या हक्कांसाठी ठामपणे उभे राहावे, असे त्यात लिहिले आहे. हे पत्र गावोगावच्या पाळकांनी आपल्या मंडळीत मोठ्याने वाचून दाखवायला हवे, विशेषतः लग्नाच्या तयारीच्या वर्गांत.