पोहण्याच्या हौदापासून भीमापर्यंत : ताकाराझुकाच्या रंगमंचाची पार्श्वभूमी

जानेवारी २०२४ मध्ये जपानच्या ह्योगो प्रांतातील ताकाराझुका या शहरात एस. एस. राजामौली यांच्या 'आरआरआर' या तेलुगू चित्रपटाचे संगीत नाट्यरूप रंगमंचावर आले. भीम, राजू, इंग्रज अधिकारी, शिपाई अशा सगळ्या भूमिका त्यात स्त्रियांनीच केल्या, कारण ताकाराझुका कागेकी या तिथल्या संगीतनाट्य संस्थेच्या रंगमंचावर पुरुष नट नसतोच. भीम झालेल्या रेई माकोतो यांना 'नाटू नाटू'वर नाचताना पाहिले की पायांच्या वेगाने डोळे दिपतात. पण माझ्यासारख्या चाहत्याच्या मनात अधिक घर करून राहते ते त्यांचे थांबणे. ताल तुटतो त्या क्षणी सगळे शरीर जागच्या जागी रोवल्यासारखे उभे राहते, खांदे रुंद होतात, हनुवटी किंचित खाली येते आणि मग नजर सावकाश वर उचलली जाते. हा पुरुष एका नटीने एका भूमिकेसाठी शोधून काढलेला नाही. तो घडायला एकशे दहा वर्षे लागली आहेत आणि त्या घडणीची सुरुवात, ऐकून आश्चर्य वाटेल, एका रेल्वे कंपनीच्या व्यवसायाच्या गणितातून झाली.

मिनो-आरिमा विद्युत रेल्वेने १९१० साली ओसाकातील उमेदापासून ताकाराझुकापर्यंत गाडी सुरू केली. हीच कंपनी पुढे हांक्यू या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे सूत्रधार कोबायाशी इचिझो हे पूर्वी मित्सुई बँकेत नोकरीला होते. लोहमार्ग शेतांमधून जाणारा होता आणि शेवटच्या स्थानकाजवळ गरम पाण्याच्या झऱ्यांचे एक छोटे गाव होते. म्हणजे प्रवासी आपोआप मिळण्याची शक्यता नव्हती. कोबायाशींनी मार्गालगतच्या जमिनी घेतल्या, तिथे घरे बांधून ती मध्यमवर्गीय नोकरदारांना हप्त्यांवर विकली आणि शेवटच्या स्थानकाशी १९११ साली नवे स्नानगृह उघडले. सकाळी शहराकडे जाणाऱ्या गाड्या नोकरदारांनी भराव्यात आणि सुट्टीच्या दिवशी उलट दिशेच्या गाड्या त्यांच्या कुटुंबांनी भराव्यात, असा हा हिशेब होता.

स्नानगृहाला जोडून १९१२ साली 'पॅराडाइज' नावाची पाश्चात्त्य धाटणीची इमारत उभी राहिली आणि तिच्यात बंदिस्त जागेतला पोहण्याचा तलाव बांधण्यात आला. तो चालला नाही. पाणी गरम ठेवण्याची सोय नव्हती, छताखाली ऊन पोहोचत नव्हते, आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहण्यास परवानगी नसल्याने कुटुंबाने मिळून यावे अशी ती जागाच राहिली नाही. तेव्हा पाण्याच्या हौदावर फळ्या टाकून प्रेक्षकांची बैठक करण्यात आली आणि कपडे बदलण्याच्या जागेचा रंगमंच झाला. ताकाराझुकाचे पहिले नाट्यगृह ते हेच, आणि त्यात शिरण्यासाठी स्नानगृहाचे तिकीट पुरत असे.

या रंगमंचावर काय दाखवायचे, याची कल्पना कोबायाशींना मित्सुकोशी या दुकानाने जाहिरातीसाठी चालवलेल्या मुलांच्या वाद्यवृंदावरून सुचली. मुलांऐवजी मुली घ्याव्यात, असे त्यांनी ठरवले आणि जुलै १९१३ मध्ये सोळा मुलींचे गायनपथक सुरू झाले. १ एप्रिल १९१४ रोजी पहिला प्रयोग झाला, तोही स्वतंत्र नाट्यप्रयोग म्हणून नव्हे, तर तिथे भरलेल्या विवाहविषयक प्रदर्शनातील करमणूक म्हणून. त्यातील 'दोनबुराको' हे बालनाट्य पीचच्या फळातून जन्मलेल्या मोमोतारो या जपानी लोककथेतल्या वीर बालकावर होते. मोमोतारोची भूमिका ताकामिने ताएको या मुलीने केली आणि ताकाराझुकाच्या पुरुषभूमिकांचा इतिहास तिथून मोजला जातो. सुरुवातीच्या या मुलींची रंगमंचीय नावे 'ह्याकुनिन इश्शू' या जुन्या काव्यसंग्रहातील ओळींवरून घेतली जात.

मुलींना रंगमंचावर उभे करणे त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तोकुगावा राजवटीने १६२९ साली काबुकीतून स्त्रियांना हद्दपार केल्यापासून स्त्रीभूमिका पुरुषच करत आले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी नट्या पुन्हा दिसू लागल्या खऱ्या. पण नटी म्हणजे भल्या घरच्यांनी दूर ठेवावे असे माणूस, ही समजूत कायम होती. कोबायाशींनी यावर काढलेला तोडगा संस्थेच्या हाडामांसात आजही भिनलेला आहे. आपल्याकडे नट्या नाहीत, विद्यार्थिनी आहेत, अशी भूमिका त्यांनी घेतली. १९१९ साली रीतसर शाळा स्थापन झाली आणि तिथून उत्तीर्ण झालेल्या मुलींनाच रंगमंचावर प्रवेश मिळू लागला. पंधरा ते अठरा या वयात प्रवेशपरीक्षा, दोन वर्षांचे गायन, नृत्य आणि अभिनयाचे शिक्षण, 'निर्मळ, सचोटीचे, सुंदर' हे ब्रीद आणि दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या सुमारे चाळीस मुली, ही चौकट आजही टिकून आहे. वीस वर्षे रंगमंचावर काढलेल्या कलावतीलाही संस्थेत 'विद्यार्थिनी' असेच म्हणतात आणि विवाह करायचा असेल, तर तिला संस्था सोडावी लागते. पालकांना आपल्या मुली बिनघोर पाठवता याव्यात म्हणून उभारलेल्या या चौकटीमुळेच, आधी कधी नव्हती अशी एक कला आकाराला आली, हे मला या इतिहासातील सर्वांत विलक्षण वळण वाटते.

संस्था वेगाने वाढली. १९२१ साली पुष्प आणि चंद्र असे दोन संघ झाले. १९२४ साली हिम संघाची भर पडली आणि त्याच वर्षी चार हजार आसनांचे भव्य नाट्यगृह उघडले. एवढ्या मोठ्या नाट्यगृहामागे कोबायाशींचा आग्रह होता की, तिकीट स्वस्त असावे आणि संपूर्ण कुटुंबाला परवडावे. पण चार हजार लोकांसमोर परीकथा तोकड्या पडू लागल्या. नव्या प्रकाराच्या शोधात दिग्दर्शक किशिदा तात्सुया युरोपला जाऊन आले आणि १९२७ साली त्यांनी 'मोन पारी' सादर केले. जपानमधील पहिला रेव्ह्यू, म्हणजे गाणी आणि नृत्ये यांच्या प्रवेशांची मालिका असलेला प्रयोग, म्हणून तो ओळखला जातो. कोबेहून निघालेला प्रवासी चीन, सिलोन आणि इजिप्त करत पॅरिसला पोहोचतो, एवढेच त्याचे कथासूत्र. पण दूरदेशीच्या गोष्टी आपल्या पद्धतीने रंगवण्याची जी सवय ताकाराझुकाला तेव्हा लागली, ती पुढे सुटली नाही. 'आरआरआर'मधील दिल्ली पाहून कुणाला नवल वाटले, तर त्या दिल्लीचा रस्ता याच प्रवासातून जातो, हे ध्यानात घ्यावे.

१९३० साली शिराई तेत्सुझो यांनी 'पारिझेत' बसवले तेव्हा चेहऱ्यावरचा पारंपरिक पांढरा लेप गेला आणि पाश्चात्त्य पद्धतीची रंगभूषा आली. मूळच्या जर्मन चालीवरचे जाईजुईसारख्या नाजूक फुलांचे, म्हणजे व्हायलेटचे गाणेही याच प्रयोगातून आले आणि ते आज संस्थेची ओळख बनले आहे. पुरुषभूमिका करणाऱ्या मुली तोवर लांब केस टोपीखाली दडवत असत. १९३२ साली कादोता आशिको यांनी केस आखूड कापले, इतरांनी त्यांचे अनुकरण केले, आणि पुरुषभूमिका हा काही तासांचा वेष न राहता दिवसभर अंगावर बाळगायचे व्रत झाले. अशा कलावतीला ओतोकोयाकु म्हणतात आणि तिच्यासमोर स्त्रीभूमिका करणारी ती मुसुमेयाकु. शाळेतच उंची, आवाज आणि कल पाहून वाट ठरते व ती सहसा बदलत नाही. मग वर्षानुवर्षे आवाज खालच्या पट्टीत स्थिर करणे, कोट घातल्यावर खांदे कसे दिसतात हे पाहणे, बसताना गुडघे कुठे असावेत, मैत्रिणीच्या कमरेभोवती हात कसा न्यावा, टोपीची कड बोटांनी कशी खाली ओढावी, हे सगळे ज्येष्ठांकडे पाहून उचलले जाते. ओतोकोयाकु तयार व्हायला दहा वर्षे लागतात, असे तिथे म्हणतात. मुसुमेयाकुची कलाही तितकीच अवघड आहे, कारण समोरचा पुरुष उंच आणि भारदस्त दिसावा यासाठी ती आपली मान, पावले आणि घागऱ्याचा घेर सतत तोलत असते. तिच्याविषयी मात्र फार कमी लिहिले जाते, ही खंत नोंदवावीशी वाटते.

तारा संघ १९३३ साली आला, तर तोक्योतील नाट्यगृह १९३४ साली. १९४० साली संस्थेच्या नावातून 'कुमारी' हा शब्द वगळण्यात आला. मार्च १९४४ मध्ये सरकारी आदेशाने मोठी नाट्यगृहे बंद झाली. ताकाराझुकाचे नाट्यगृह नौदलाने घेतले आणि तोक्योच्या नाट्यगृहात अमेरिकेवर सोडायचे बॉम्बवाहू फुगे तयार होऊ लागले. युद्धानंतर तोक्योची वास्तू १९५५ पर्यंत देशाचा ताबा घेतलेल्या अमेरिकी सैन्याच्या करमणुकीसाठी राखलेली होती, तर ताकाराझुकात १९४६ साली पडदा पुन्हा वर गेला. १९४५ ते १९५४ या काळात पुरुष कलावंतांना घेण्याचाही प्रयत्न झाला. पण मोठ्या रंगमंचावर त्यांना खऱ्या अर्थाने स्थान मिळालेच नाही. कोबायाशी १९५७ साली निवर्तले.

दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचल्यानंतर प्रेक्षकसंख्या घटत गेली. त्यातून संस्थेला बाहेर काढले ते १९७४ च्या 'व्हर्सायच्या गुलाबा'ने. इकेदा रियोको यांच्या त्याच नावाच्या चित्रकथेतील ऑस्कर ही पुरुषासारखी वाढवलेली आणि फ्रेंच राणीच्या रक्षकदलाची नायक झालेली स्त्री आहे. ताकाराझुका शहरातच वाढलेल्या तेझुका ओसामु यांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या राजकन्या-शिलेदाराच्या चित्रकथेवर या रंगमंचाची छाया होती, आणि मुलींच्या चित्रकथांमधील पुरुषवेषातील नायिकांची परंपरा तिथून पुढे आली. म्हणजे ऑस्करच्या रूपाने ताकाराझुकाकडे त्याचेच देणे परत आले, असे म्हणता येईल. संहिता उएदा शिंजी यांची होती. दिग्दर्शनासाठी बोलावले होते हासेगावा काझुओ यांना. बालपणी काबुकीत घडलेले, स्त्रीभूमिकांत मुरलेले आणि पुढे चित्रपटांचे नायक झालेले हे गृहस्थ स्त्रियांना पुरुष कसा उभा करायचा ते शिकवत होते. चित्रकथेतल्या पात्रांच्या डोळ्यांत चमचमतात तसे तारे रंगमंचावरही दिसावेत म्हणून नजर नाट्यगृहातील कुठल्या आसनावरून कुठे न्यायची, इथपर्यंत त्यांचे मार्गदर्शन होते. १९७४ ते १९७६ या काळातील प्रयोगांना सुमारे चौदा लाख प्रेक्षक लाभले. आज नाट्यगृहाबाहेर शिस्तीत बसून आपल्या आवडत्या कलावतीची वाट पाहणाऱ्या चाहत्यांची पिढी मुख्यतः त्यानंतर घडली.

सध्याचे २,५५० आसनांचे मोठे नाट्यगृह १९९३ च्या आरंभी खुले झाले. जानेवारी १९९५ च्या भूकंपात त्याचे नुकसान झाले. तरीही मार्च संपण्यापूर्वी तिथे प्रयोग सुरू झाले. १९९६ साली कोइके शुइचिरो यांनी व्हिएन्नाची 'एलिझाबेथ' ही संगीतिका ताकाराझुकाच्या साच्यात बसवली आणि मूळच्या राणीऐवजी मृत्यू या पात्राला नायक केले, कारण तिथे मुख्य ओतोकोयाकुभोवती कथा फिरावी लागते. १९९८ साली अंतराळ हा पाचवा संघ स्थापन झाला.

भारतीय चित्रपटाकडे संस्था वळली ती २०१७ साली. कोयानागी नाओको यांनी तारा संघासाठी 'ओम शांती ओम'चे रूपांतर केले आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील पुनर्जन्माची कथा कुरेनाई युझुरु यांनी नायक म्हणून रंगवली. म्हणून सात वर्षांनी त्याच संघाकडे 'आरआरआर' जाणे स्वाभाविक होते. तानी ताकाया यांनी केलेल्या रूपांतराचे उपशीर्षकच भीमाकडे बोट दाखवते, आणि 'एलिझाबेथ'च्या वेळी जे गणित होते तेच इथेही लागू पडते. मुख्य ओतोकोयाकु आणि मुख्य मुसुमेयाकु यांची जोडी हा प्रयोगाचा कणा असतो. चित्रपटात जेनी या इंग्रज तरुणीला फारसा वाव नाही. रंगमंचावर माइसोरा हितोमी यांची जेनी भीमाच्या बरोबरीने उभी राहते आणि कथेचा तोल त्या दोघांकडे झुकतो. राजूची भूमिका करणाऱ्या आकात्सुकी चिसेई यांच्या वाट्याला त्यामुळे आतल्या आत जळणारा, कमी बोलणारा पुरुष आला. तो त्यांनी इतक्या संयमाने केला की, चित्रपटातील भव्य साहसदृश्यांची उणीव मला जाणवली नाही. पडद्यावर वाघ आणि आग असते. इथे ती जागा मांडणी, समूहनृत्य आणि गाणे घेते, आणि मैत्रीची गोष्ट उलट अधिक जवळची होते.

मराठी वाचकाने इथे एक गोष्ट आठवावी. चित्रपटातील भीम काल्पनिक असला, तरी त्याच्यामागचा कोमराम भीम हा निजामाच्या राजवटीविरुद्ध उठलेला गोंड नेता खरा आहे. १९४० साली जोडेघाट इथे तो मारला गेला. त्याचे नाव लाभलेला तेलंगणातील आसिफाबाद जिल्हा आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोलीला लागून आहे. या जंगलपट्टीतला एक नायक जपानी मुलीच्या देहातून, जपानी भाषेत, तोक्योच्या प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि मार्च २०२४ मध्ये राजामौलींनी स्वतः तिथे जाऊन तो पाहिला.

या प्रयोगाविषयी लिहिताना एक दुःखद पार्श्वभूमी वगळता येणार नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी अंतराळ संघातील एका पंचवीस वर्षांच्या कलावतीचा मृत्यू झाला. अतिश्रम आणि वरिष्ठांकडून होणारा छळ यांविषयी तिच्या कुटुंबाने केलेले आरोप संस्थेने आधी पूर्णपणे स्वीकारले नाहीत. मार्च २०२४ मध्ये मात्र छळ झाल्याचे मान्य करून संस्थेने कुटुंबाची माफी मागितली. ज्येष्ठ-कनिष्ठ ही शिस्त आणि 'विद्यार्थिनी' हे नाते कलेला आधार देते, तसेच ते माणसाला मुकाट सोसायलाही लावू शकते, हे चाहत्यांनी डोळे उघडे ठेवून पाहायला हवे. मी या कलेवर प्रेम करतो, म्हणूनच हे लिहिणे मला आवश्यक वाटते. 'आरआरआर'चा आरंभ १ जानेवारीऐवजी ५ जानेवारीला झाला तो याच घडामोडींच्या छायेत. त्यानंतर आठवड्यातील प्रयोग दहावरून नऊ आणि वर्षभरातील नाट्यनिर्मिती नऊवरून आठ करण्यात आल्या. २००९ साली संस्थेत आलेल्या रेई माकोतो यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये निरोप घेतला, आणि त्यांच्यानंतर तारा संघाचे नायकपद 'आरआरआर'मध्ये राजू झालेल्या आकात्सुकी चिसेई यांच्याकडे आले.