पित्त उठणं वेगळं, कातडी सुटणं वेगळं

पित्त ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. लाल गांधी, प्रचंड खाज. एकीकडची मावळते तोवर दुसरीकडे उठते. एक गांध सहसा चोवीस तास टिकत नाही. अ‍ॅलर्जीच्या गोळीने बहुतेकदा भागतं. जीभ सुजली किंवा श्वास अडकला, तर मात्र थेट हॉस्पिटल.

स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हा बहुतेकदा औषधाच्या रिअ‍ॅक्शनने होणारा, कातडी सोलवटणारा गंभीर आजार. त्याचे चट्टे जागा सोडत नाहीत. खाजेपेक्षा दुखतात, मधोमध काळपट-जांभळे होतात. मग फोड येतात आणि कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखी बोटाखाली सरकते. तोंड, डोळे, लघवीची जागा सोलवटते. याला ‘औषध गरम पडलं’ म्हणून आमसुलाचं पाणी देत बसणं मला सहन होत नाही.

पण दिसण्यापेक्षा मोठा घोळ तारखेचा आहे. पित्त उठवणारी गोळी बहुतेकदा नुकतीच घेतलेली असते, त्यामुळे इथेही सगळे कालचीच गोळी शोधतात. हा आजार मात्र औषध सुरू केल्यावर साधारण 4 दिवस ते 4 आठवड्यांनी येतो. त्यातही आधी ताप, घसादुखी, डोळ्यांची आग. तापाला पॅरासिटामॉल घेतली, दुसऱ्या दिवशी चट्टे आले, की दोष पॅरासिटामॉलवर. तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेली फिटची कार्बामाझेपिन रोज चालूच. एका पेशंटच्या ओठांवर काळी खपली धरली होती, पाण्याचा घोट उतरत नव्हता, आणि बायको तीच गोळी कुस्करून चमच्याने भरवत होती. ‘ही तर कधीपासून घेतात,’ म्हणाली.

म्हणून डॉक्टरांना ‘काल काय घेतलं’ एवढंच सांगू नका. गेल्या दोन महिन्यांतल्या सगळ्या स्ट्रिप न्या, सुरू केल्याची तारीख लिहून. फेनिटोइन, लॅमोट्रिजिन, गाउटची अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फाची कोट्रायमॉक्साझोल आधी दाखवा.

संशयित औषध बंद करणं हा पहिला उपचार, आणि त्याच दिवशी भरती. फिटची गोळी थांबवली की झटका येऊ शकतो, म्हणून बदली औषध तिथेच ठरवावं लागतं. कार्बामाझेपिनऐवजी फेनिटोइन चालत नाही. किती कातडी सुटली ते हातानेच मोजता येतं: पेशंटचा बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा सुमारे 1 टक्का. सुटलेली कातडी 30 टक्क्यांवर गेली की आजाराचं नाव बदलतं, टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, आणि जिवाचा धोका कितीतरी वाढतो. भाजलेल्या पेशंटसारखी सलाइन, ड्रेसिंग, जंतुसंसर्गावर नजर लागते. डोळ्यांचे डॉक्टर पहिल्याच दिवशी बोलवा. नंतर बुबुळावरचे व्रण दृष्टी नेतात.

डिस्चार्जच्या वेळी औषधाचं नाव कार्डावर लिहून घ्या. ‘अ‍ॅलर्जी आहे’ एवढं नको, पूर्ण नाव हवं. ते कार्ड आधार कार्डाशेजारी पाकिटात ठेवा.