काडतूस कंपन्या आणि अमेरिकेतल्या राज्यांचे बंदूक कायदे

अमेरिकेत बंदुकीवरनं जे भांडण चालतं त्यात बंदूकवाल्या कंपन्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण काडतुसं आणि मॅगझिन (बंदुकीला लागणारी काडतुसांची डबी) बनवणारे सहसा चर्चेत येत नाहीत. खरंतर बंदूक माणूस एकदा घेतो आणि ती पन्नास वर्षं चालते, काडतुसं मात्र परत परत घ्यावी लागतात, त्यामुळे राज्य सरकारांनीही हळूहळू तिकडेच लक्ष वळवलं.

ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कचे सिनेटर डॅनियल मॉयनिहन (हेच १९७३ ते ७५ भारतात अमेरिकेचे राजदूत होते) यांनी १९९३ मध्ये काही प्रकारच्या काडतुसांवर चक्क १०,००० टक्के टॅक्स लावायचा प्रस्ताव मांडला होता. तो काही पास झाला नाही, पण त्याच वर्षी टीका इतकी वाढली की विंचेस्टर या काडतूस कंपनीने आपली ‘ब्लॅक टॅलन’ काडतुसं (यातली गोळी शरीरात घुसल्यावर फुलते) सामान्य ग्राहकांना विकणं बंद केलं. कायदा न होता कंपनी मागे सरकली असं फार कमी वेळा झालंय.

पुढे कॅलिफोर्नियाने २०१६ ला प्रपोझिशन ६३ हा कायदा लोकांच्या थेट मतदानाने पास केला आणि १ जुलै २०१९ पासून तिथे काडतुसं घेतानाही बॅकग्राउंड चेक (घेणाऱ्याची पूर्वीची नोंद तपासणं) सुरू झाला, २०२४ पासून वर ११ टक्के राज्याचा टॅक्स. हा केंद्राचा जो ११ टक्के टॅक्स आहे, ज्याचा पैसा १९३७ पासून वन्यजीव संवर्धनाला जातो, त्याच्याशिवाय बरं का. न्यूयॉर्कमध्ये तसाच चेक २०२३ मध्ये सुरू झाला.

कंपन्यांच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे “आम्ही राज्य सोडून जातो”. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हूकच्या शाळेत गोळीबारात २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, त्यानंतर काही राज्यांनी भराभर कायदे केले. कोलोराडोने मॅगझिनला १५ काडतुसांची मर्यादा घातली तेव्हा तिथली मॅगझिन बनवणारी मॅगपुल कंपनी म्हणाली कायदा केलात तर जाऊ, आणि खरंच गेली, कारखाना वायोमिंगला आणि मुख्य ऑफिस टेक्सासला. कायद्याला पाठिंबा देणाऱ्या दोन राज्य सिनेटरांना सप्टेंबर २०१३ मध्ये मतदारांनी मुदतीआधीच घरी पाठवलं. कायदा मात्र राहिला.

काही कंपन्यांनी अजून एक उपाय काढला, न्यूयॉर्कमध्ये जी वस्तू सामान्य नागरिकाला घेता येत नाही ती आम्ही तिथल्या पोलिसांनाही विकणार नाही. पण यात बहुतेक छोट्या कंपन्याच होत्या, ज्यांचा पोलिसांशी मोठा धंदा त्या गप्प बसल्या, साहजिकच आहे म्हणा.

आता प्रत्येक स्थलांतर कायद्यामुळेच झालं असं समजायचं कारण नाही. विंचेस्टरची मालक कंपनी ओलिनने २०१० मध्ये इलिनॉयच्या ईस्ट ऑल्टनमधून काडतुसांचं मोठं उत्पादन मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला न्यायचं ठरवलं. इलिनॉयमध्ये काडतुसं घ्यायलाही राज्याचं ओळखपत्र लागतं हे खरं, पण इथे भांडण पगाराचं होतं, युनियनने कराराचा प्रस्ताव फेटाळला आणि पलीकडून मिसिसिपीने सवलती पुढे केल्या. बाहेरून बघणाऱ्याला राजकारण दिसतं, आत हिशोब मजुरीचा असतो.

आपल्याकडे राज्याराज्यांच्या कायद्यावरनं असला प्रकार होऊच शकत नाही, कारण शस्त्रं आणि दारूगोळा हा विषयच संघसूचीत आहे, म्हणजे कायदा केंद्राचा. पुण्यातली खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, ती आणि वरणगावची फॅक्टरी दोन्ही आता केंद्र सरकारच्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे. लायसन्सवाल्याला किती काडतुसं मिळणार तेही ठरलेलं असतं.

अमेरिकेत अलीकडे मालकीचीच गंमत झालीय. फेडरल, सीसीआय, रेमिंग्टन हे काडतुसांचे जुने ब्रँड २०२४ मध्ये युरोपातल्या चेक प्रजासत्ताकाच्या एका उद्योगसमूहाकडे गेले. त्याला देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन विरोध करणाऱ्यांमध्ये तेव्हाचे सिनेटर जे. डी. व्हान्सही होते, म्हणजे बंदुकीच्या बाजूचेच. व्यवहार शेवटी झालाच.