हस्तनिर्मित लाकडी दागिन्यांची पेटी (विसाव्या शतकाचा मध्य)

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-अडीच दशकांत अमेरिका आणि स्कँडिनेव्हियातील लहान कार्यशाळांत घडवली गेलेली, दागिने ठेवण्याची लाकडी पेटी. तिच्यावर कोरीव वेलबुट्टी नसते, पितळी पट्ट्या नसतात. लाकडाच्या रेषा आणि उघडे ठेवलेले सांधे हाच तिचा अलंकार. बऱ्याच पेट्यांवर कारागिराचे नाव आढळत नाही, त्यामुळे तो कोण होता यापेक्षा तो कसा काम करत होता, हेच पेटीवरून अधिक कळते.

या कामाला बळ मिळण्यामागे काही कारणे होती. न्यूयॉर्कमध्ये १९४० साली ‘अमेरिका हाउस’ हे हस्तकलेचे विक्रीकेंद्र उघडले. १९४४च्या जीआय बिल कायद्यामुळे युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकता येऊ लागले. त्याच वर्षी ‘स्कूल फॉर अमेरिकन क्राफ्ट्समेन’ ही संस्था सुरू झाली आणि १९४८मध्ये डॅनिश सुतार टागे फ्रिड तिथे शिकवू लागला. रंधा, पटाशी आणि हाताने कापलेले सांधे यांची युरोपीय शिस्त त्याच्यामुळे अमेरिकी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. दुसरीकडे, करवत, ड्रिल आणि खराद एकाच यंत्रात देणारे ‘शॉपस्मिथ’ १९४७ साली बाजारात आले. घराच्या गॅरेजमध्येही नेमके काम होऊ लागले. अनाम पेट्यांमागे अशा हौशी सुतारांचा मोठा वाटा आहे आणि त्यांतल्या कित्येकांचे काम व्यावसायिकांच्या तोडीचे आहे.

पेटी लहान असली तरी सुताराची कसोटी पाहते. कपाटातली बारीक फट नजरेआड होते. हातात धरून जवळून पाहायच्या वस्तूत ती लपत नाही. शिवाय लाकूड हवेतल्या ओलाव्याने रेषांना आडवे फुगते आणि आक्रसते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. अखंड फळीचे झाकण चौकटीला पक्के चिकटवले, तर काही हिवाळ्यांत ते तडकते. म्हणून जाणता कारागीर झाकणाची फळी चौकटीच्या खाचेत सरस न लावता मोकळी बसवतो. जुन्या पेटीचे झाकण आज सरळ आणि विनातडा असेल, तर त्याचे श्रेय बहुधा या न दिसणाऱ्या निर्णयाला असते.

कोपऱ्यांवरूनही कारागीर ओळखता येतो. हाताने कापलेल्या डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारख्या दातांच्या) सांध्यात दातांची रुंदी किंचित कमी-जास्त असते आणि आखणीची बारीक रेघ मागे राहते. यंत्राने कापलेले दात एकसारखे असतात. काही कारागीर ४५ अंशांत कापलेल्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या लाकडाची पातळ चीप बसवत. सर्वांत देखणी युक्ती रेषा जुळवण्याची आहे. एकच फळी पेटीभोवती फिरवली तर तीन कोपऱ्यांवर रेषा जुळतात, चौथ्यावर तुटतात. मात्र जाड फळी उभी चिरून तिचे दोन भाग पुस्तकासारखे उघडले आणि प्रत्येक भागातून एक लांब व एक आखूड बाजू काढली, तर चारही कोपऱ्यांवर रेषा अखंड वाहतात. अशी पेटी सहज म्हणून होत नाही. करवत लावण्यापूर्वीच ती पूर्ण दिसलेली असावी लागते.

वेगळी परंपरा बँडसॉ पेटीची; बँडसॉ म्हणजे अखंड फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची यंत्रकरवत. कॅलिफोर्नियातील आर्थर एस्पेनेट कार्पेंटर (१९२०–२००६) याचे नाव तिच्याशी जोडले जाते. यात फळ्या जोडतच नाहीत: लाकडाच्या अखंड ठोकळ्याची मागची चकती कापून काढतात, याच करवतीने आतले खण वळणदार आकारात कोरतात आणि चकती पुन्हा चिकटवतात. खणाचा दर्शनी भाग त्याच ठोकळ्यातला असल्याने खण बंद केल्यावर रेषा पुन्हा जुळतात.

अमेरिकेत अक्रोड आणि चेरी, डेन्मार्कमध्ये साग आणि रोझवुड ही आवडती लाकडे. तिथे रोझवुडमध्ये चांदी जडवलेल्या पेट्याही झाल्या. ब्राझिलियन रोझवुडचा समावेश १९९२ साली साइट्स कराराच्या (धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात झाला. त्यामुळे अशी जुनी पेटी देशाबाहेर विकताना तिच्या वयाची कागदपत्रे लागतात.

काळ ठरवताना पेटी उलटी करून पाहावी. फुली खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकात आला; तो मूळचाच असेल, तर पेटी त्याआधीची नाही. तळाच्या कापडाखाली पुष्कळदा पेन्सिलीची त्रिकोणी खूण सापडते. कोणती बाजू कुठे बसवायची, हे लक्षात राहावे म्हणून सुतार ती करतात. मालकाला ती रेघोटी वाटते. अभ्यासकाला मात्र तो कारागिराच्या हाताचा थेट पुरावा असतो. म्हणून अस्तर बदलण्याच्या घाईत ती पुसू नये.

अस्तराबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. लोकरी नमद्यातून (फेल्टमधून) गंधकाची संयुगे सुटतात आणि चांदी काळवंडते. चांदीसाठी सुती कापड बरे. निसटलेला सांधा पुन्हा जोडताना आधीचा चिकट पदार्थ कोणता, हे तपासावे. प्राणिज सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, त्यामुळे दुरुस्ती पुढे पुन्हा उलगडता येते. युद्धानंतर रूढ झालेला पांढरा पीव्हीए गोंद मात्र लाकडाच्या छिद्रांत मुरतो आणि तो खरवडून काढल्याशिवाय नवा सांधा धरत नाही.