मीटरवरचे किलोमीटर आणि इंजिनात गेलेली धूळ

जुनी पिकअप बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती पळालीय?" विकणारा मीटरकडे बोट दाखवतो, आकडा दोन लाखांच्या आसपास असतो आणि पुढचा सगळा सौदा त्या आकड्याभोवती फिरतो. कर्ज काढून पहिलीच गाडी घेणाऱ्या शेतकऱ्यानं किंवा ड्रायव्हरनं तरी या आकड्यावर एवढी भिस्त ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. दूध संकलनाच्या रूटवर रोज पहाटे निघून डांबरी रस्त्यानं जाऊन येणारी गाडी आणि खडी क्रशरवर फेऱ्या मारणारी गाडी, दोघींच्या मीटरवर दोन लाख असले तरी एकीचं इंजिन अजून निम्मंही झिजलेलं नसतं आणि दुसरीचं उघडायला आलेलं असतं. हा फरक कुठून येतो, हे कळलं तर गाडी बघायची नजर बदलते.

डिझेल इंजिन जास्त टिकतं, हे आपण ऐकत आलो. त्यामागचं कारण त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथं जे इंजिन चालवून दाखवलं, त्यात ठिणगीची गरज नव्हती. आजही तेच तत्त्व आहे. सिलिंडरमधली हवा सोळा ते अठरा पटींनी दाबली की तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पेटल्यावर आतला दाब वातावरणाच्या सव्वाशे-दीडशे पट होतो. नऊ सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनवर हा दाब म्हणजे आठ-नऊ टनांचा भार, तोही मिनिटाला हजारभर वेळा. दीड टन माल वाहणाऱ्या गाडीच्या पोटात एकेका पिस्टनवर एवढा भार पडतो! असा मार सोसायचा म्हणून ब्लॉक जाड ओतीव लोखंडाचा, क्रँकशाफ्ट दणकट, बेअरिंगं रुंद ठेवावी लागतात. टिकाऊपणा हा या नाइलाजातून मिळालेला फायदा आहे.

त्यात डिझेल इंजिन सावकाश फिरतं. पिकअपच्या इंजिनात पिस्टनचा प्रवास साधारण दहा सेंटिमीटरचा असतो. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, त्याचा सरासरी वेग सेकंदाला १० मीटर होतो. आठ सेंटिमीटर प्रवासाचं पेट्रोल इंजिन ६००० आरपीएमला नेलं तर हाच वेग १६ मीटर होतो. शिवाय थंड इंजिनात पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. डिझेल स्वतःच थोडं तेलकट असल्यानं तिथं कमी नुकसान करतं.

मग किती किलोमीटर? कारखान्यांतले अभियंते एका आकड्यात उत्तर देत नाहीत. ते 'बी-१०' आयुष्य मोजतात, म्हणजे एकाच प्रकारच्या शंभर इंजिनांपैकी दहा इंजिनांना मोठं काम निघेपर्यंतचं अंतर. उरलेली नव्वद त्याच्या पुढे जातात, काही तर कितीतरी पुढे. मोठ्या ट्रकच्या इंजिनांत हे अंतर दहा लाख किलोमीटरच्याही वर ठेवलेलं असतं. आपल्याकडच्या अडीच लिटरच्या आसपासच्या पिकअपकडून न उघडता तीन ते पाच लाखांची अपेक्षा ठेवणं रास्त आहे.

अमेरिकेत डिझेल पिकअपचं जे प्रचंड नाव झालं, त्याची सुरुवात १९८९ च्या डॉज रॅमपासून धरता येते. त्या गाडीत कमिन्स या अमेरिकी इंजिन कंपनीचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. ते मुळात ट्रक, शेतीयंत्रं आणि कारखान्यांसाठी आखलेलं. पिकअपमध्ये त्याला क्षमतेच्या मानानं हलकं काम मिळालं आणि ते टिकत राहिलं. याच घराण्याची इंजिनं पुढे जमशेदपूरच्या टाटा-कमिन्स कारखान्यात बनून टाटाच्या ट्रकांत बसली, आणि कमिन्सचं पुण्याशी नातं तर १९६२ पासूनचं आहे. आपली पिकअप मात्र वेगळ्या गणितावर चालते. इंजिन छोटं, माल कागदावर लिहिलेल्यापेक्षा बऱ्याचदा जास्त, आणि रस्ता शेवटचे दोन-चार किलोमीटर कच्चा. म्हणून अमेरिकेतले पाच-सहा लाख मैलांचे किस्से ऐकून इथली जुनी गाडी घेऊ नये.

आता झीज होते कुठे ते बघू. चालू इंजिनात पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. पिस्टन वेगात असताना रिंग त्या थरावर तरंगते आणि धातूला धातू जवळपास लागतच नाही. पण पिस्टन अगदी वर पोचला की क्षणभर थांबून उलटा फिरतो. वेग शून्य झाल्यावर थर टिकत नाही, आणि नेमकं त्याच वेळी डिझेल पेटून दाब आणि उष्णता कळसाला पोचलेली असते. त्यामुळे सिलिंडर सगळ्यात जास्त झिजतो तो वरच्या रिंगच्या थांब्यापाशी. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवल्यावर मेकॅनिक बोअरच्या (सिलिंडरच्या पोकळीच्या) वरच्या भागात नख फिरवून बघतो, ते या झिजेनं पडलेली पायरी लागते का हे पाहायला.

झिजेचं दुसरं मोठं कारण धूळ, आणि माझ्या मते पिकअपच्या बाबतीत तेच पहिलं. अडीच लिटरचं इंजिन २००० आरपीएमला मिनिटाला साधारण अडीच हजार लिटर हवा ओढतं, टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) असेल तर त्याहून जास्त. तासाला दीडशे घनमीटर, आठ तासांत बाराशे. क्रशरच्या रस्त्यावर घनमीटरमागे फक्त ५० मिलिग्रॅम धूळ धरली तरी दिवसभरात ६० ग्रॅम धूळ एअर फिल्टरच्या तोंडाशी येते. फिल्टरनं शंभरातले ९९ भाग अडवले तर आत जाते ०.६ ग्रॅम. पण फिल्टरच्या पुढच्या रबरी पाइपला चीर असेल किंवा क्लॅम्प ढिला असेल आणि पाच टक्के हवा तिथून शिरत असेल, तर रोज तीन ग्रॅम. पाचपटीहून जास्त धूळ, आणि मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

ही धूळ असते कसली? दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या खडीत वाळूतल्यासारखं क्वार्ट्झ फारसं नसतं, पण त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजंही ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात. सगळ्यात घातक कण असतात ऑइलच्या थराच्या जाडीएवढे, म्हणजे काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून बारीक कण थरातून निसटून जातात. हे कण मात्र रिंग आणि भिंत दोघांनाही एकाच वेळी टेकतात आणि ओरखडत राहतात. व्हॉल्व्ह बसवताना मेकॅनिक मुद्दाम ग्राइंडिंग पेस्ट लावून घासतो. धुळीचं ऑइल ते काम इंजिनभर करत असतं.

इथं एक सवय सांगायलाच हवी. एअर फिल्टर काढायचा, कंप्रेसरची हवा मारायची आणि परत बसवायचा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. कागदी फिल्टरवर आधी अडकलेल्या धुळीचा थरही पुढची बारीक धूळ अडवायला मदत करतो, त्यामुळे थोडा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा चांगलं गाळतो. जोराच्या हवेनं कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. वरचेवर काढघाल केल्यानं कडेचं रबर नीट बसत नाही. फिल्टरला रोज हवा मारतो असं मालक अभिमानानं सांगतो, तेव्हा त्यानं मनापासून काळजी घेतलेली असते आणि तरीही इंजिनाचं नुकसान झालेलं असू शकतं. ठरलेल्या वेळी फिल्टर बदलणं, हाच स्वस्त मार्ग.

उष्णतेचं थोडक्यात. जास्त माल भरून कसारा किंवा खंबाटकी चढताना टर्बोची चक्ती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असते आणि एक्झॉस्टच्या बाजूनं भयंकर तापलेली असते. चढ संपल्या संपल्या धाब्यावर गाडी लावून चावी फिरवली की टर्बोचा ऑइलपुरवठा बंद होतो, आत राहिलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा धरतो आणि बेअरिंग जातं. एक-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवलं तर हे टळतं. उलट, तासन्‌तास रिकामं चालू ठेवणंही वाईट. रिंगला भिंतीशी दाबून धरायला आतल्या गॅसचा दाब लागतो. रिकाम्या इंजिनात तो कमी असतो, भिंत गुळगुळीत होते आणि ऑइल वर चढायला लागतं. मीटर या काळात एक किलोमीटरही पुढे सरकत नाही.

तर गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गेल्यावर बॉनेटला आणि रेडिएटरला हात लावून बघा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन कमकुवत असलं की सेल्फवर बराच वेळ फिरतं आणि पेटल्यावर पांढरा धूर सोडतं, कारण गळक्या कॉम्प्रेशनमुळे हवा पुरेशी तापत नाही आणि डिझेल अर्धवट जळून बाहेर पडतं. डिझेल फवारणारे नोझल खराब असले तरी असाच धूर येतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. चढावर काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी, किंवा नोझल आणि टर्बोची तक्रार.

मग चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. थोडी वाफ सगळ्याच इंजिनांतून येते. झाकण उडायला लागलं आणि धूर फसफसत वर आला, तर रिंगांवरून गॅस खाली उतरतोय. गॅरेजमध्ये याला 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय' म्हणतात. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेलची काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, बदलल्यावर थोड्याच दिवसांत ते काळं होतं. जुन्या गाडीत सोनेरी, स्वच्छ ऑइल दिसलं तर मात्र विचारा कधी बदललं आणि कोणतं टाकलं. घट्ट ऑइल टाकून धूर आणि आवाज काही दिवस दाबता येतात.

या सगळ्यांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती एक तपासणी, जी फार कमी लोक करतात. इंजिन बंद करा, एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणारा पाइप सोडवा आणि आत स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. ऑइलचा हलका ओलावा चालेल. धुळीचा थर आला, तर गाडी कितीही चकचकीत असली आणि मीटर कितीही कमी दाखवत असलं तरी सौदा सोडून द्या. ती धूळ फिल्टरच्या पलीकडे सापडली आहे, तिला पुढे सिलिंडरशिवाय दुसरी वाट नाही. पाइप काढलेलाच आहे तर टर्बोची चक्ती हातानं हलवून बघा. किंचित हलणं ठीक, कडेला घासत असेल तर टर्बो गेला.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक नियमांतल्या) गाड्या आता जुन्या बाजारात दिसू लागल्या आहेत, आणि त्यांचं दुखणं वेगळं आहे. त्यांच्या कॉमन रेल पद्धतीत डिझेल वातावरणाच्या दीड-दोन हजार पट दाबानं फवारलं जातं आणि इंजेक्टरमधल्या फटी दोन-तीन मायक्रॉनच्या असतात. ड्रममधलं पाणी-कचरा मिसळलेलं डिझेल जुना मेकॅनिकल पंप एखाद वेळी पचवून गेला असता, या गाड्या ते पचवत नाहीत. शिवाय एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो साफ व्हायला गाडी सलग वेगात चालावी लागते, तेव्हा जादा डिझेल जाळून काजळी पेटवली जाते. गल्लीबोळांत थांबत-थांबत वाटप करणाऱ्या गाडीत ही सफाई अर्धवट राहते, आणि जिथं हे जादा डिझेल सिलिंडरमध्येच फवारलं जातं, तिथं त्यातलं काही ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी खुणेच्या वर दिसली आणि वासही डिझेलचा आला, तर हेच झालेलं असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी स्कॅनर लावल्याशिवाय घेऊ नये. डीपीएफ काढून टाकून सॉफ्टवेअर बदललेली गाडी तर कायद्यातही बसत नाही.

कागदांचंही थोडक्यात. पिकअप मालवाहू असल्यानं पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी पासिंग लागतं. ते चालू आहे का, कर्जाचा बोजा उतरवला आहे का आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० वर आणि बोजा उतरवण्याच्या फॉर्म ३५ वर सह्या झाल्या आहेत का, हे पैसे देण्याआधी बघा. सर्व्हिसच्या पावत्या आणि पासिंगचे जुने कागद यांवरचे किलोमीटर तारखेप्रमाणे लावले की मीटर मागे फिरवलं असल्यास तेही उघडं पडतं.

इंजिनाचं काम आधीच झालेलं असेल तर तेवढ्यानं गाडी वाईट ठरत नाही. बोअर करून किंवा नवे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) घालून, पिस्टन-रिंग बदलून, क्रँक ग्राइंड करून नीट बांधलेलं इंजिन पुन्हा दोन-तीन लाख किलोमीटर जाऊ शकतं. मात्र बिल मागा. त्यात मशीन शॉपचं काम आणि पिस्टनचा साइझ लिहिलेला असला पाहिजे, कारण नुसत्या रिंगा बदलून 'इंजिन काम केलंय' म्हणणारे पुष्कळ भेटतात. झिजलेल्या, अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा नीट बसत नाहीत, त्यामुळे धूर काही महिन्यांतच परत येतो. काम झालेलं नसेल आणि लक्षणं दिसत असतील, तर तुमच्या मेकॅनिककडून पूर्ण कामाचा खर्च लिहून घ्या आणि किमतीतून तेवढी रक्कम वजा करून बोला.