हरित बांधकाम (इंदूर)

हरित बांधकाम : इमारत उभारताना आणि पुढे ती वापरताना ऊर्जा, पाणी व बांधकामसाहित्य कमीत कमी लागेल आणि आत राहणाऱ्याला हवा, उजेड व सुसह्य तापमान मिळेल अशी बांधणी. प्रस्तुत नोंदीत माळव्याच्या पठारावरील इंदूर शहरापुरता विचार केला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंची, बेसाल्टचा काळा दगड, त्यावर काळी माती, सरासरी ९५० मिमी.च्या आसपास पाऊस आणि दिवस-रात्रीच्या तापमानातील मोठा फरक या गोष्टी येथे निर्णायक ठरतात. नर्मदेचे पाणी वीज खर्चून घाट चढवून आणावे लागते, हीही तितकीच निर्णायक बाब आहे.

संज्ञा व पूर्वपीठिका : ‘हरित इमारत’ ही संज्ञा मराठीत गेल्या दोन-अडीच दशकांत रुळली. कल्पनेचा उगम बहुतेक लेखक १९७३ च्या तेलटंचाईत शोधतात. त्यानंतर पाश्चात्त्य देशांत इमारतींच्या इंधनखर्चाचा हिशेब सुरू झाला, १९९० मध्ये ब्रिटनमध्ये ‘ब्रीम’ ही मूल्यांकनपद्धती आली आणि १९९३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी हरित इमारत परिषदेने पुढे ‘लीड’ ही पद्धती तयार केली. भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ चा, ऊर्जा दक्षता ब्यूरो (बीईई) २००२ चा. भारतीय हरित इमारत परिषदही २००१ मधीलच. हैदराबादच्या सीआयआय–सोहराबजी गोदरेज केंद्राला २००३ मध्ये लीडचे सर्वोच्च, म्हणजे प्लॅटिनम मानांकन मिळाले. भारतातील हरित इमारतींचा इतिहास सहसा तेथून सांगितला जातो. दुसरे मत असे, की चौक, जाड भिंती व ओसरी असलेले वाडे हीच मूळ हरित वास्तू आणि मानांकन हे जुन्याला दिलेले नवे नाव. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र वाडा बांधणाऱ्याने वीज वाचवण्यासाठी तो बांधला नव्हता. त्याच्यापुढे वीज हा पर्यायच नव्हता. म्हणून वाड्याला ‘हरित’ म्हणण्यापेक्षा ‘हवामानानुकूल’ म्हणणे अधिक नेमके वाटते.

राजवाड्याचा कालनिर्णय : इंदुरात या चर्चेत होळकरांच्या राजवाड्याचे उदाहरण हमखास दिले जाते, म्हणून त्याच्या काळाविषयी थोडे विस्ताराने. मूळ बांधकाम अठराव्या शतकाच्या मध्याचे मानतात आणि काही लेखक १७४७ हे साल देतात. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने, सर्जेराव घाटगे याच्या हाताखाली, शहर लुटले तेव्हा वाडा जळाला. पुनर्बांधणीचे श्रेय दुसऱ्या मल्हाररावांचे दिवाण तात्या जोग यांना दिले जाते व काळ १८११ ते १८३३ असा सांगितला जातो. ही दोन्ही साले दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकिर्दीची आहेत. कारकिर्दीचा काळच पुढे बांधकामाचा काळ म्हणून नोंदींत उतरला असावा. होळकरांची राजधानी १८१८ मध्ये इंदुरास आली हे ध्यानात घेता मुख्य काम त्यानंतरचे मानणे सयुक्तिक दिसते. १९०८ व १९८४ मध्ये वाड्याला पुन्हा आगी लागल्या.

सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी व वरचे लाकडी, ही रचना बांधकामशास्त्राच्या दृष्टीने बोलकी आहे. वरचा भार हलका राहतो, आणि पुरेशा उष्णताधारकतेचे दगडी मजले जमिनीलगत, वर्दळीच्या व कारभाराच्या जागी येतात. लाकूड तयार करायला भट्टी लागत नाही, हा त्याचा आजच्या हिशेबातील गुण. त्याच लाकडाने वाड्याला वारंवार आगीच्या तोंडी दिले. जुन्या साहित्याची शिफारस करताना ही दुसरी बाजू वगळली जाऊ नये.

माळव्याची रात्र व भिंत : ‘सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-माळवा’ ही म्हण इंदुरात मराठी घरांतही ऐकू येते. तिला हवामानशास्त्राचा आधार आहे. मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि पहाटे ते २४-२५ अंशांपर्यंत उतरते. हा सुमारे १५ अंशांचा फरक म्हणजे रोज फुकट मिळणारा गारवा. तो घरात साठवायचा कसा, हाच येथील रचनेचा मुख्य प्रश्न.

दगड, वीट व माती उष्णता सावकाश शोषतात व सावकाश सोडतात. साठ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीतून दुपारची धग आत पोचेपर्यंत पहाट होते, आणि तोवर उघड्या खिडक्यांतून आलेल्या हवेने खोली निवलेली असते. आजची नेहमीची २३ सेंमी.ची विटेची भिंत मधल्यामध्ये सापडते. पश्चिमेच्या भिंतीवर तीन-चार वाजता पडलेले ऊन रात्री दहाच्या सुमारास, नेमके झोपायच्या वेळी, खोलीत उतरते. भिंतीला हात लावून ‘अजून तापलीये’ म्हणणाऱ्या गृहिणीला शास्त्रज्ञाइतकेच अचूक निदान झालेले असते. म्हणून पश्चिमेला जाड भिंत, जिना, न्हाणीघर किंवा कोठीची खोली ठेवण्याची जुनी रीत येथे अजूनही योग्य आहे. बाहेरून सावली देणारे झाड त्याहूनही स्वस्त पडते.

राजवाड्याच्या परिसरातील आणि रामबाग–नारायणबाग भागातील जुन्या घरांपैकी जी उरली आहेत, त्यांत चौक व ओसरीची मांडणी थोडीफार दिसते. छपरावरील कवेलू (महाराष्ट्रातले कौल) बहुतेक ठिकाणी जाऊन सिमेंटचा स्लॅब आला. उघडा स्लॅब हा घराचा सर्वांत तापणारा भाग, कारण उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. त्यावर पांढरा चुना किंवा परावर्तक रंग देणे, चिनी मातीच्या फुटक्या फरश्यांचे तुकडे बसवणे किंवा सौर पॅनेलची सावली पाडणे हे तिन्ही उपाय गुणकारी आहेत. पूर्वी गच्चीवर पाणी शिंपडून रात्री तेथेच अंथरुणे घालत. वाळ्याच्या ताट्या आणि नंतरचा कूलर यांचे तत्त्वही तेच : पाण्याचे बाष्पीभवन. कूलर मे महिन्यात उत्तम चालतो व जुलैत निकामी होतो, कारण पावसाळी हवेत पाणी सुकत नाही. एसीची मागणी या दमट आठवड्यांतच घरात शिरते आणि मग बारमाही मुक्काम करते.

संहितेतील गणित : ऊर्जा संवर्धन इमारत संहिता (ईसीबीसी) २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. ती मोठ्या व्यापारी इमारतींसाठी आहे. निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. २०२२ च्या कायदेदुरुस्तीने या चौकटीत निवासी व कार्यालयीन इमारती आणखी ठळकपणे आल्या. संहितांमध्ये इंदूर ‘संमिश्र’ हवामानपट्ट्यात मोडते.

निवासी संहितेचा गाभा म्हणजे ‘आरईटीव्ही’ : बाह्य भिंती व खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेचे दर चौ.मी.मागील मोजमाप. मर्यादा १५ वॅट. संमिश्र पट्ट्यासाठी सूत्रात तीन गुणक आहेत : भिंतीतून वाहणाऱ्या उष्णतेसाठी ६.०६, काचेतून वाहणाऱ्या उष्णतेसाठी १.८५ आणि काचेतून थेट येणाऱ्या उन्हासाठी ६८.९९. यांची तुलना करताना जपावे लागते, कारण प्रत्येक गुणक वेगळ्या राशीला लावायचा असतो. तरी उन्हाचे पारडे जड आहे हे उदाहरणाने दिसते. बाह्य पृष्ठभागाच्या १५% खिडक्या, साधी काच, सज्जा नाही, भिंतीच्या दिशेनुसार बदलणारा गुणक १ धरला आणि प्लास्टर केलेली २३ सेंमी.ची विटेची भिंत (पारगमन, म्हणजे एका अंशाच्या तापमानफरकाला दर चौ.मी.मधून वाहणारी उष्णता, सुमारे २ वॅट) घेतली, तर एकूण आकडा २० च्या आसपास येतो. त्यातील आठाहून अधिक वॅट एकट्या काचेतल्या उन्हाचे असतात. भिंत २० सेंमी.च्या एएसी ब्लॉकची, म्हणजे हवेची छिद्रे असलेल्या हलक्या सिमेंटी ठोकळ्यांची (पारगमन सुमारे ०.७५) केली तर आकडा १४ च्या आसपास उतरतो व घर संहितेत बसते. वीट तशीच ठेवून खोल सज्जे दिले आणि खिडक्यांचे क्षेत्र जपले, तरी बरेच अंतर कापता येते.

या सूत्रात भिंतीच्या वस्तुमानाला मात्र जागा नाही. एएसी ब्लॉक हवेच्या छिद्रांमुळे हलका व रोधक असतो. उष्णता अडवतो, पण रात्रीचा गारवा विटेइतका साठवत नाही. दारे-खिडक्या बंद करून एसी चालवायचा असेल तर हलकी रोधक भिंत सरस. खिडक्या उघडून माळव्याची रात्र घरात घ्यायची असेल तर आतल्या बाजूस जड साहित्य व बाहेरून रोधक थर हा संयोग सरस. इंदूरपुरते बोलायचे तर दुसरा मार्ग अधिक योग्य वाटतो. संहितेने उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र संमिश्र पट्ट्यात चटईक्षेत्राच्या (आतील वापरायच्या जमिनीच्या) किमान १२.५% असावे असे सांगून वायुवीजनाची बाजू राखली आहे. खिडकीला डासांची जाळी व मजबूत गज नसले तर रात्री ती कोणी उघडत नाही आणि ही तरतूद कागदावर राहते.

याहून मोठी अडचण व्याप्तीची आहे. संहितेचा हा भाग ५०० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. इंदुरातील मध्यमवर्गीय वसाहतींत २० बाय ५० फुटांचा प्लॉट म्हणजे बरा मोठा समजतात. तो जेमतेम ९३ चौ.मी. भरतो. शहरातील बहुसंख्य घरे अशा प्लॉटवर, ठेकेदार व मिस्त्री यांच्या सल्ल्याने उभी राहतात. हरित बांधकामाचे खरे क्षेत्र तेच आहे.

पाणी म्हणजे वीज : इंदूरला १९७८ पासून नर्मदेचे पाणी मिळते. ते मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून सुमारे ७० किमी. अंतर कापून येते. नदी व शहर यांच्या उंचीत ढोबळमानाने ४०० मी.चा फरक आहे, आणि वाटेतील घाटमाथा शहराहून उंच असल्याने प्रत्यक्ष उचल त्याहून जास्त. १,००० लिटर पाणी ४०० मी. चढवायला निव्वळ भौतिकीच्या हिशेबाने सुमारे १.१ युनिट वीज लागते. पंपांची कार्यक्षमता ७०% धरली तर दीड युनिटाहून थोडी अधिक. दरडोई १३५ लिटर या प्रचलित मानकाने पाच माणसांचे घर महिन्याला सुमारे २०,००० लिटर पाणी वापरते. म्हणजे त्या घराच्या मीटरवर कधीच न दिसणारी तीसेक युनिट वीज दरमहा घाटात खर्च होते. अन्य शहरांच्या मूल्यांकनात पाणी व ऊर्जा हे दोन वेगळे रकाने असतात. इंदुरात ते एकत्र वाचावे लागतात. गळका नळ दुरुस्त करणे हे येथे दिवा मालवण्यासारखेच आहे.

हा वीजखर्च कमी करण्यासाठीच इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी खुले केले. उद्दिष्ट जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प.

छतावरील पावसाच्या पाण्याबाबत नियमांच्या संकलनांत दोन आकडे आढळतात. राज्य शासनाच्या २६ ऑगस्ट २००६ च्या अधिसूचनेने १४० चौ.मी.हून मोठ्या भूखंडांवरील इमारतींना जलसंचय सक्तीचा केला. तर इंदूरसाठी २५० चौ.मी. व त्याहून मोठ्या नव्या इमारती आणि मालमत्ताकरात ६% सूट असा उल्लेख येतो. बहुधा हे दोन वेगळ्या काळांतील व वेगळ्या पातळ्यांवरील नियम असावेत; राज्याचा आकडा आधारभूत मानणे बरे. २० बाय ५० चा प्लॉट दोन्हींतून सुटतो. पण पूर्ण प्लॉटवर छत असेल तर त्यावर पडणाऱ्या पावसापैकी ८०% धरला तरी वर्षाला सुमारे ७०,००० लिटर पाणी, म्हणजे वरील कुटुंबाची साडेतीन महिन्यांची गरज हाती येते. ते टाकीत मावत नाही हे खरे. बोअरच्या पुनर्भरणाला मात्र जाऊ शकते.

नियोजन व वसाहती : स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी केलेला इंदूरचा नगररचना अहवाल १९१८ चा. सरसकट पाडापाडीऐवजी जुन्या वस्तीतील नेमकी दुरुस्ती आणि सांडपाण्याचा बागांसाठी उपयोग हे त्यांचे आग्रह आजही ताजे वाटतात. माणिकबाग राजवाडा (१९३०–३३, वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसिउस) याच्या उलट टोकाला. यंत्राने हवा थंड करण्याची सोय असलेल्या भारतातील आरंभीच्या निवासस्थानांत त्याची गणना होते.

अरण्य वसाहत (१९८० चे दशक) ही पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांची रचना. १९९५ मध्ये तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. सुमारे ६,५०० घरांच्या या योजनेत जोते व नळ-संडासाचा गाभा बांधून देऊन उरलेले घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवायचे होते. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असली की ऊन खाणारी भिंत कमी होते, आणि अरुंद गल्लीत एका घराची सावली समोरच्याला मिळते. ऊर्जेचा एकही आकडा न मांडता हे साधले गेले.

१ जानेवारी २०२१ रोजी पायाभरणी झालेल्या केंद्र सरकारच्या, नव्या बांधकामतंत्राने घरे उभारण्याच्या सहा ‘लाइट हाउस’ प्रकल्पांपैकी एक इंदुरात आहे : १,०२४ घरे, कारखान्यात बनवलेली सँडविच पॅनेले (दोन पत्र्यांमध्ये वा फळ्यांमध्ये हलका गाभा असलेले भिंतींचे तयार भाग). काम जलद होते, पाणी कमी लागते, भिंत रोधक असते. वस्तुमानाचा वर मांडलेला प्रश्न येथेही लागू पडतो.

साहित्य : काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती काढून मुरूम भरावा लागतो किंवा पाया खोल न्यावा लागतो. घर दिसू लागण्यापूर्वीच जमिनीखाली सिमेंट व लोखंडाचा मोठा वाटा संपलेला असतो. जुन्या घराचा पाया शाबूत असेल तर तो राखून वर दुरुस्ती करणे यामुळेच फायद्याचे. राखेच्या विटा औष्णिक केंद्रांच्या परिसरात नियमानेच वापरायच्या असतात. पाडकामाचा राडारोडा वेगळा गोळा करून त्याचे पेव्हर ब्लॉक बनवण्याची व्यवस्था शहरात आहे.